औषध की मानसोपचार : निवड कोण करतो?

नैराश्याच्या विकारावर औषध घ्यावे की मानसोपचार करून घ्यावा, हा प्रश्न हल्ली वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांत आणि शहरी दिवाणखान्यांत मोठ्या हिरिरीने चर्चिला जातो. एका बाजूला गोळीचे पुरस्कर्ते असतात. दुसऱ्या बाजूला गोळीला कुबडी म्हणून हिणवणारे असतात. दोन्ही पक्ष एक गोष्ट मात्र गृहीत धरून चालतात. रुग्णापुढे दोन ताटे वाढून ठेवलेली आहेत आणि कोणत्या ताटावर बसायचे एवढेच त्याने ठरवायचे आहे, असा त्यांचा समज असतो. वस्तुस्थिती अशी आहे की, या देशातील बहुसंख्य रुग्णांपुढे एकही ताट नाही. आणि ज्यांच्यापुढे आहे त्यांच्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत ते कोणते असावे हे त्यांच्या खिशाने आधीच ठरवून टाकले आहे. म्हणूनच दोहोंपैकी चांगले कोणते एवढे विचारून समाजवाद्यांचे काम संपत नाही. निवड कोण करतो, हे त्यांनी विचारले पाहिजे.

अर्थात, हा प्रश्न विचारण्यापूर्वी दोन्ही उपचारांविषयी शास्त्र काय सांगते ते प्रामाणिकपणे समजून घेणे आवश्यक आहे. अर्धवट माहितीवर उभारलेली राजकीय भूमिका घोषणेच्या पलीकडे जात नाही, आणि घोषणेने कोणाचा आजार बरा होत नाही.

नैराश्य म्हणजे दुःख नव्हे. पीक बुडाले, गिरणी बंद पडली, जिवाभावाचे माणूस गेले, तर माणूस दुःखी होतो. तो विकार नाही. परंतु किमान दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ, मन खिन्न राहते किंवा कशातच रस उरत नाही. झोप आणि भूक बिघडते. अंगातील शक्ती गेल्यासारखी वाटते. लक्ष लागत नाही. आपण निरुपयोगी आहोत अशी भावना घर करते. मरणाचे विचार मनात घोळू लागतात. यांपैकी बरीच लक्षणे एकत्र येऊन रोजचे व्यवहार अवघड झाले की वैद्यकशास्त्र त्याला नैराश्याचा विकार म्हणते. त्यात सौम्य, मध्यम आणि तीव्र अशा पायऱ्या आहेत, आणि उपचाराची निवड प्रथम या पायरीवर अवलंबून असते. ‘मानसोपचार’ हा शब्दही मराठीत सैलपणे वापरला जातो. येथे त्याचा अर्थ आहे : प्रशिक्षित व्यक्तीने ठरावीक पद्धतीने, ठरावीक बैठकांतून, संवादाच्या मार्गाने केलेला उपचार. मित्राने दिलेला धीर किंवा ‘सकारात्मक विचार करा’ हा फुकटचा उपदेश म्हणजे मानसोपचार नव्हे.

औषधांचा इतिहास पाऊणशे वर्षांच्या आतला आहे. सुरुवातीच्या औषधांपैकी इप्रोनियाझिड हे मुळात क्षयरोगासाठी वापरले जात होते. ते घेणाऱ्या रुग्णांची वृत्ती उल्हसित होते असे १९५०च्या दशकात आढळले. त्याच दशकात स्वित्झर्लंडमधील रोलंड कून यांनी इमिप्रामीनचा गुण नोंदवला. १९८७ साली अमेरिकेत फ्लुओक्सेटीनला मान्यता मिळाली आणि गोळ्यांचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले. मेंदूतील सेरोटोनिन कमी पडल्यामुळे नैराश्य येते आणि गोळी ती उणीव भरून काढते, असे एक सुटसुटीत स्पष्टीकरण कंपन्यांच्या जाहिरातींनी जगभर पसरवले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात या स्पष्टीकरणाला सुसंगत पुरावा सापडला नाही. परंतु कारणमीमांसा चुकली म्हणून परिणाम खोटा ठरत नाही. २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये ५२२ चाचण्यांचा आणि १ लाख १६ हजारांहून अधिक रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेली एकवीसच्या एकवीस औषधे निष्प्रभ गोळीपेक्षा गुणकारी ठरली. सरासरी फरक मध्यम स्वरूपाचा होता, पण तो होता.

नफ्याच्या व्यवस्थेने या ज्ञानाशी कसा खेळ केला, तेही नोंदले पाहिजे. अमेरिकेच्या औषध नियामकाकडे नोंदलेल्या ७४ चाचण्यांचा मागोवा २००८ साली संशोधकांनी घेतला. त्यांपैकी ३८ चाचण्यांचे निष्कर्ष औषधाला अनुकूल होते. त्यांतील ३७ प्रसिद्ध झाल्या. उरलेल्या ३६ चाचण्यांचे निष्कर्ष प्रतिकूल अथवा शंकास्पद होते. त्यांतील २२ प्रसिद्धच झाल्या नाहीत, आणि ११ अशा रीतीने छापल्या गेल्या की निष्कर्ष अनुकूल भासावा. ज्या डॉक्टरांनी केवळ छापील पुरावा वाचून गोळी लिहिली, त्यांची आणि त्यांच्या रुग्णांची ही उघड फसवणूक होती.

मानसोपचाराच्या बाजूचा पुरावाही असाच डोळसपणे पाहिला पाहिजे. फिलाडेल्फियातील एरन बेक यांनी १९६०च्या दशकापासून बोधात्मक उपचारपद्धती विकसित केली. स्वतःविषयी, जगाविषयी आणि भविष्याविषयी रुग्णाच्या मनात आपोआप उठणारे निराश विचार त्याने स्वतःच पुराव्यानिशी तपासावेत आणि दैनंदिन कृतीत बदल करावा, असे तिचे सूत्र आहे. मध्यम व तीव्र नैराश्याच्या २४० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात सोळा आठवड्यांच्या शेवटी औषध घेणारे ५८ टक्के आणि मानसोपचार घेणारेही ५८ टक्के रुग्ण सुधारले. पुढील वर्षात मात्र दोहोंतला फरक दिसला. बरे वाटल्यावर ज्यांचे औषध थांबवले त्यांच्यापैकी ७६ टक्के पुन्हा आजारी पडले. ज्यांनी औषध चालू ठेवले त्यांच्यापैकी ४७ टक्के. ज्यांचा मानसोपचार पूर्ण होऊन थांबला त्यांच्यापैकी ३१ टक्के. याचा अर्थ असा की, गोळीचा आधार घेत असेपर्यंत असतो, तर संवादातून शिकलेले कौशल्य उपचार संपल्यावरही काही काळ साथ देते. मात्र ते कौशल्य शिकवणारा कसलेला असावा लागतो. नवख्या उपचारकाच्या हाती तीच पद्धती दुबळी ठरू शकते.

या सगळ्याचे सार साधे आहे. सौम्य नैराश्यात प्रथम गोळीकडे धावू नये. ब्रिटनच्या २०२२ सालच्या अधिकृत मार्गदर्शक सूचना हेच सांगतात. तीव्र नैराश्यात औषधाची गरज बहुधा असते आणि दोन्ही उपचार जोडीने दिल्यास अधिक लाभ होतो. ज्याला अंथरुणातून उठवत नाही, दोन वाक्ये सलग बोलवत नाहीत, त्याला आधी उभे करण्याचे काम अनेकदा गोळी करते. मग संवाद शक्य होतो. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, झोपेतील बदल, लैंगिक तक्रारी असे दुष्परिणाम होऊ शकतात. पंचविशीच्या आतील रुग्णांकडे पहिल्या काही आठवड्यांत अधिक लक्ष ठेवावे लागते. बरे वाटल्यानंतरही साधारण सहा महिने औषध चालू ठेवावे लागते आणि ते डॉक्टरांना न विचारता एकाएकी बंद करायचे नसते. यांतील प्रत्येक गोष्ट रुग्णाला समजावून सांगितली, त्याचे मत विचारले आणि दोन्ही उपचार हाताशी असले, तरच ‘निवड’ हा शब्द वापरण्याचा अधिकार कोणालाही पोचतो.

आता हिशेब मांडून पाहावा. समजा, विदर्भातील एका खेड्यात राहणाऱ्या शेतमजूर स्त्रीला मध्यम स्वरूपाचे नैराश्य आहे. शहरातील खासगी मानसोपचाराची एक बैठक एक हजार रुपयांना मिळाली असे धरले, आणि पुण्या-मुंबईत याहून किती तरी अधिक द्यावे लागतात, तर सोळा बैठकांचे सोळा हजार रुपये होतात. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे केवळ शुल्कासाठी तिला सुमारे ५४ दिवस राबावे लागेल. त्यात सोळा दिवसांचा बुडालेला रोज मिळवावा लागेल, आणि एस.टी.च्या अर्ध्या तिकिटाची सवलत धरली तरी प्रवासाचा खर्च वेगळा. उलट, दिवसाला पाच ते दहा रुपयांची गोळी सहा महिने घेतली तर खर्च नऊशे ते अठराशे रुपयांच्या घरात राहतो. या स्त्रीने गोळी ‘निवडली’ असे म्हणणे म्हणजे भाकरीला महाग असलेल्या माणसाने उपास ‘निवडला’ असे म्हणण्यासारखे आहे.

हा फरक आपोआप मिटणारा नाही. अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९६०च्या दशकात दाखवून दिले की, यंत्राने बनणाऱ्या वस्तू उत्तरोत्तर स्वस्त होत जातात, परंतु ज्या सेवेत माणसाचा वेळ हाच मुख्य माल असतो ती तुलनेने महाग होत जाते. चौघांनी मिळून वाजवायची संगीतरचना दोनशे वर्षांपूर्वी जेवढी माणसे आणि जेवढा वेळ घेत असे तेवढाच आजही घेते. मानसोपचाराची बैठक ही याच जातीची आहे. गोळ्या लाखांनी पाडता येतात. पाऊण तासाचे लक्षपूर्वक ऐकणे लाखांनी पाडता येत नाही. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दारापर्यंत रांग लागलेली असताना पाच मिनिटांत गोळी लिहिता येते, पाच मिनिटांत मानसोपचार होत नाही. डॉक्टर निष्ठुर असतो म्हणून तो गोळी लिहितो असे नव्हे. व्यवस्थेने त्याच्या हाती तेवढेच ठेवलेले असते.

येथे बाजारवादी म्हणतील की निदान गोळी तरी बाजारानेच स्वस्त केली. इतिहास त्यांच्या विरुद्ध साक्ष देतो. १९७० साली संसदेने पेटंट कायदा केला आणि तो १९७२ पासून अमलात आला. त्याने औषधाच्या पदार्थावरील मक्तेदारी काढून केवळ निर्मितीच्या प्रक्रियेला संरक्षण दिले. त्यामुळेच फ्लुओक्सेटीनचे पेटंट अमेरिकेत २००१ पर्यंत शाबूत असताना भारतीय कारखाने तेच औषध त्याआधीपासून अल्प किमतीत बनवीत होते. २००५ साली जागतिक व्यापार कराराच्या दडपणाखाली पदार्थावरील पेटंट परत आणावे लागले, ही गोष्ट वेगळी. मुद्दा असा की, गोळी स्वस्त झाली ती लोकांनी निवडून दिलेल्या संसदेच्या निर्णयामुळे. जो निर्णय औषधाच्या बाबतीत १९७० साली घेता आला, तसाच निर्णय संवादाच्या बाबतीत आज का घेता येऊ नये?

कायदा नाही असे तर कोणी म्हणू शकणार नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला, जिल्हा कार्यक्रम १९९६ साली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जो मे २०१८ पासून लागू आहे, सरकारी अथवा सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आणि दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला तो विनामूल्य मिळावा असे म्हटले. अत्यावश्यक यादीतील औषधे सरकारी आरोग्यसंस्थांत फुकट द्यावीत, अशी स्पष्ट तरतूद त्यात आहे. मानसोपचाराच्या बैठका किती, कोठे आणि कोणाकडून मिळाव्यात, याबाबत तितकी नेमकी तरतूद नाही. म्हणजे औषधाकडे झुकलेला तराजू कायद्याच्या मसुद्यातही दिसतो.

अंमलबजावणीचे चित्र तर शोचनीय आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्र नव्हता; पण तिचे निष्कर्ष महाराष्ट्राला दिलासा देणारे आहेत असे समजण्याचे कारण नाही. दर वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याने ग्रासलेले होते, आणि नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचाराविना होते. २०२३ साली संसदेच्या स्थायी समितीने दाखवून दिले की, लाख लोकसंख्येमागे किमान तीन मनोविकारतज्ज्ञ हवेत, आहेत अवघे ०.७५. केंद्राच्या आरोग्यविषयक खर्चात मानसिक आरोग्याचा वाटा एक टक्क्याच्या आसपास राहिला आहे आणि त्यातलाही मोठा भाग एकट्या निम्हान्सला जातो. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील मनोरुग्णालये पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. परंतु नैराश्याच्या रुग्णाला मनोरुग्णालयाच्या भिंतींची गरज बहुधा नसते. त्याला गावापासून चालत जाता येईल अशा प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणी तरी ऐकणारे हवे असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये १४४१६ या क्रमांकाची टेलि-मानस सेवा सुरू झाली. ज्याला आज, या घटकेला मदत हवी त्याने तो क्रमांक अवश्य फिरवावा. पण दूरध्वनी हे दार आहे. दाराच्या आत घर नसेल तर दार उघडून काय उपयोग?

येथवर जे लिहिले ते वाचताना पक्षाच्या कार्यकर्त्यांनी माना डोलावल्या असतील. पुढचे लिहिणे त्यांना कदाचित रुचणार नाही.

डाव्या चळवळींत एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. नैराश्य हे शोषणाचे अपत्य आहे. व्यवस्था बदलली की ते नाहीसे होईल. तोवर गोळी आणि समुपदेशन या दोन्ही गोष्टी म्हणजे जखमेवरची मलमपट्टी, किंबहुना बंडखोरी थंड करण्याची अफू आहे. या युक्तिवादात सत्याचा अंश आहे म्हणूनच तो घातक आहे. दारिद्र्य आणि नैराश्य यांचा संबंध दुहेरी आहे, हे २०२० साली ‘सायन्स’ नियतकालिकात अर्थशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ यांनी मिळून मांडलेल्या आढाव्यात स्पष्ट झाले आहे. उत्पन्न बुडाले की नैराश्य वाढते, आणि नैराश्य आले की कमावण्याची शक्ती घटते; उलटपक्षी गरिबाच्या हाती पैसा दिला तर मनःस्वास्थ्य सुधारते, आणि नैराश्यावर उपचार केले तर काम करण्याची क्षमता वाढते. म्हणजे उपचार हा लढ्याचा शत्रू नाही. ज्या स्त्रीला सकाळी उठवत नाही ती मोर्चाला कशी येणार? आणि समजा मोर्चा कधीच निघायचा नसला, तरी तिचे दुःख कमी करणे हे स्वतःच समाजवादाचे काम नव्हे काय? हिवतापाचे मूळ डबक्यात आहे म्हणून कोणी तापाने फणफणलेल्याला क्विनीन नाकारत नाही. डबके बुजवण्याचे काम आणि क्विनीन देण्याचे काम एकाच वेळी चालते.

समाजवादी चळवळीला तर हा प्रश्न परका नाही. ११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी आपली जीवनयात्रा संपवली. त्यांच्या मृत्यूचे वैद्यकीय निदान पाऊणशे वर्षांनी करण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि तसे करणे औचित्याला सोडून होईल. परंतु त्या मृत्यूविषयी चळवळीत जे बोलले गेले ते बहुतांशी देशाची दुर्दशा आणि ध्येयवाद्याचा भ्रमनिरास यांच्या भाषेत बोलले गेले. नैराश्यावरची आजची औषधे तेव्हा जन्मली नव्हती, बेक यांची पद्धतीही नव्हती. म्हणून त्या पिढीला दोष देता येत नाही. आजच्या पिढीची गोष्ट निराळी आहे. एखादा कार्यकर्ता अचानक बैठकांना येईनासा होतो, लिहिणे थांबवतो, माणसे टाळू लागतो; तेव्हा त्याच्यावर ‘निष्क्रिय’ असा शिक्का मारला जातो, किंवा त्याला शिबिराला पाठवण्याचा ठराव होतो. डॉक्टरकडे जाऊन आल्याचे तो दबक्या आवाजात सांगतो आणि गोळी चालू असल्याचे तर सांगतही नाही. जातीच्या आणि धर्माच्या रूढींवर तुटून पडणाऱ्या चळवळीने मनाच्या आजाराविषयीची ही रूढी मात्र निमूटपणे सांभाळली आहे. गोळीला दुबळेपणाची खूण समजणारा कार्यकर्ता आणि ‘देवऋषीकडे जा’ म्हणणारा शेजारी यांच्यात रुग्णाच्या दृष्टीने फारसे अंतर नसते.

दुसरी चूक याच्या उलट दिशेची आहे, आणि ती सुशिक्षित मध्यमवर्गात अधिक आढळते : मानसोपचार आला की प्रश्न मिटला. ब्रिटनमध्ये २००६ साली रिचर्ड लेयर्ड या अर्थशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने एक अहवाल निघाला. लोकांना बोधात्मक मानसोपचार सरकारी खर्चाने द्यावा, कारण ते कामावर परततील आणि सरकारचा भत्त्यांवरचा खर्च वाचून उपचाराची किंमत भरून निघेल, असा त्यात हिशेब होता. २००८ पासून ती योजना सुरू झाली. लक्षावधी लोकांना त्यामुळे दाराशी मानसोपचार मिळाला, हे तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. धोका तिच्या समर्थनाच्या तर्कात आहे. माणसाला बरे करायचे ते तो पुन्हा राबावा म्हणून, असे एकदा मान्य केले की जो राबू शकणार नाही त्याच्या उपचाराचे समर्थन कसे करायचे? भारतातील मोठ्या कंपन्याही आता कर्मचाऱ्यांना समुपदेशनाची सोय देतात. कामाचे तास, असुरक्षित कंत्राट आणि वरिष्ठांची अरेरावी तशीच ठेवून ‘ताण हाताळायला शिका’ असे सांगणारे समुपदेशन हा व्यवस्थापनाचा विमा आहे. शेतकऱ्याच्या बाबतीत हेच अधिक भीषण रीतीने घडू शकते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातील आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला. तो हवाच होता. परंतु समुपदेशन हे हमीभावाला, कर्जमुक्तीला आणि पाण्याला पर्याय म्हणून पुढे केले जात असेल तर त्याला कडाडून विरोध केला पाहिजे. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांपैकी २६.४ टक्के रोजंदारी मजूर होते. आत्महत्येमागे नेहमी नैराश्याचा विकार असतोच असे नाही, आणि ज्या संकटाचे मूळ सावकाराच्या वहीत आहे त्यावर गोळीही चालत नाही आणि बैठकही.

मग करायचे काय? उत्तर परदेशात शोधण्याची गरज नाही. गोव्यात ‘संगात’ या संस्थेच्या संशोधकांनी वीस वर्षांहून अधिक काळ हाच प्रश्न प्रत्यक्ष कामातून तपासला आहे, आणि त्यांचे निष्कर्ष कोणत्याही एका पक्षाची सोय पाहणारे नाहीत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्यांना फ्लुओक्सेटीन, मानसशास्त्रीय उपचार आणि निष्प्रभ गोळी असे तीन गट करून उपचार दिले गेले. दोन महिन्यांनी औषध सरस ठरले. मानसशास्त्रीय उपचार निष्प्रभ गोळीहून चांगला ठरला नाही. गोळीला नावे ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये. संशोधकांनी मात्र त्यामुळे संवाद सोडून दिला नाही. तो स्थानिक जीवनाला जुळेल असा घडवला. मनोविकारशास्त्राची पदवी नसलेल्या सामान्य माणसांना त्यांनी काही आठवड्यांचे प्रशिक्षण दिले. रुग्णाने टाळलेली छोटी छोटी कामे, सोडलेल्या भेटीगाठी आणि हरवलेले छंद पायरीपायरीने पुन्हा सुरू करायला लावणे, अशी सहा ते आठ बैठकांची साधी पद्धती बसवली. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ रुग्णांवर तिची चाचणी झाली. हे सौम्य नव्हे, बऱ्यापैकी तीव्र नैराश्याचे रुग्ण होते. तीन महिन्यांनी या बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते. केवळ नेहमीचे उपचार काहीसे सुधारून दिलेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. चार-पाच वर्षांनंतर पुन्हा पाहिले असता लाभाचा काही भाग टिकून होता.

त्याच संस्थेची २०१० साली प्रसिद्ध झालेली आणखी एक चाचणी समाजवाद्यांनी विशेष लक्षात घ्यावी. सामान्य समुपदेशकांची नेमणूक केल्यावर सरकारी आरोग्य केंद्रांतील बरे होणाऱ्यांचे प्रमाण ठळकपणे वाढले; खासगी डॉक्टरांच्या दवाखान्यांत मात्र फरक पडला नाही, कारण तेथील रुग्ण समुपदेशकाशिवायही जवळपास तेवढ्याच प्रमाणात बरे होत होते. याचा एक अर्थ असा लावता येतो की, ज्याला आपला रुग्ण वर्षानुवर्षे नावाने ठाऊक असतो त्या डॉक्टरच्या विचारपुशीतही उपचार असतो. सरकारी केंद्रातील गरिबाच्या वाट्याला ती येत नाही, आणि ती आणली की तोही बरा होतो. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीवरील कार्यकर्ते आणि मनोविकारतज्ज्ञ यांची साखळी उभी केली, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. तुलनेसाठी दुसरा गट नसल्यामुळे या आकड्यांवर अवाजवी भार टाकू नये; पण खेड्यातला माणूस मनाच्या आजारासाठी मदत मागतच नाही, ही समजूत त्यांनी खोटी पाडली.

यावर सरकारी नोकरशाही काय करील हे सांगायला ज्योतिषी नको. ‘सामान्य माणसे समुपदेशन करू शकतात’ एवढेच वाक्य उचलून ते काम आशा कार्यकर्त्यांच्या आधीच वाकलेल्या पाठीवर टाकले जाईल आणि मोबदला म्हणून भेटीमागे काही रुपये मंजूर होतील. आपल्याला कर्मचारी माना आणि वेतन द्या, या मागणीसाठी महाराष्ट्रातील आशांना २०२३-२४ मध्ये संपावर जावे लागले होते. गोव्याच्या प्रयोगात समुपदेशकाला पगार होता, प्रशिक्षण होते, त्याच्या कामावर नियमित देखरेख होती आणि अवघड रुग्ण पुढे पाठवायला तज्ज्ञ होता. यांतील एकही गोष्ट वगळली तर मागे उरते ती स्वस्त मजुरी. एका स्त्रीच्या नैराश्याचा उपचार दुसऱ्या स्त्रीच्या फुकट श्रमातून करणे हे समाजवादाच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही.

म्हणून पक्षाने आपल्या कार्यक्रमात काही मागण्या निःसंदिग्धपणे लिहिल्या पाहिजेत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पूर्ण वेळ, पगारी, प्रशिक्षित समुपदेशकाचे पद निर्माण करावे. जिल्हा कार्यक्रमातील मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ते यांची रिक्त पदे ठरलेल्या मुदतीत भरावीत. अत्यावश्यक औषधे वर्षभर उपलब्ध असावीत. कारण नैराश्याचे औषध मध्येच संपणे म्हणजे रुग्णाला अर्ध्या वाटेवर सोडणे होय. मानसोपचाराच्या किमान बैठकांचा हक्क कायद्यात औषधाइतक्याच स्पष्ट शब्दांत यावा. आणि प्रत्येक रुग्णाला त्याच्या भाषेत, दोन्ही उपचारांचे गुणदोष सांगून, निर्णय त्याच्या हाती सोपवावा. यासाठी पैसा कोठून आणायचा असे विचारणाऱ्यांना एवढेच विचारावे की, उपचाराविना राहिलेल्या ८५ टक्क्यांची किंमत आज कोण भरत आहे? ती त्यांची कुटुंबे भरत आहेत, बुडालेल्या मजुरीने आणि मोडलेल्या संसारांनी.

कार्यकर्त्यांनीही आपल्या घरापासून आरंभ करावा. तालुक्याच्या आरोग्य केंद्रात जाऊन नैराश्याच्या गोळ्या आहेत काय आणि समुपदेशक किती दिवस येतो, हे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. शाखेतला कोणी गप्प झाला असेल तर त्याच्या निष्ठेची चर्चा करण्याआधी त्याच्या घरी जाऊन झोप लागते काय, जेवण जाते काय, एवढे विचारावे. आणि गरज दिसली तर त्याच्याबरोबर दवाखान्यात जाऊन रांगेत उभे राहावे. तेथे त्याला गोळी मिळावी की बैठक, हे त्याने आणि त्याच्या डॉक्टरने ठरवावे. दोन्ही मिळण्याजोगी असावीत, हे मात्र राजकारणाने ठरवायचे आहे.